विभाजित सामायिक स्मृती

अनेक प्रक्रियक म्हणजे प्रोसेसर असलेल्या संगणकात भौतिक दृष्ट्या निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेली, परंतु आज्ञावलीला एकाच सलग पत्ता-मालिकेच्या रूपात उपलब्ध होणारी स्मृती. स्मृतीचा प्रत्येक भाग कोणत्या तरी एका प्रक्रियकाच्या निकट असतो. तथापि कोणत्याही प्रक्रियकाला कोणत्याही भागातील शब्द त्याचा पत्ता देऊन वाचता अथवा बदलता येतो. दूरच्या शब्दाची मागणी, त्याची वाहतूक आणि त्याच्या निरनिराळ्या प्रतींचा मेळ ही कामे आज्ञावलीवर न सोपविता विद्युत् मंडलांकडून करवून घेणे, हे या रचनेच्या यंत्रसामग्री-आधारित प्रकारांचे वैशिष्ट्य होय. साधारणतः १९७५ ते २००० या काळात त्यांचा विकास झाला. याच काळात पुणे व मुंबई येथे समांतर संगणकांच्या निर्मितीस आरंभ झाला. मात्र तेथील संगणकांनी नेमका विरुद्ध मार्ग स्वीकारला. या दोन मार्गांतील मतभेदाचे मूळ एका प्रश्नात आहे : प्रक्रियक आणि स्मृती यांच्यातील अंतराची किंमत यंत्राच्या रचनाकाराने मोजावी की आज्ञावलीकाराने?

मूळ प्रश्न : आरंभीच्या संगणकात एक प्रक्रियक आणि एक स्मृती अशी सोपी विभागणी होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधण्यात आलेल्या आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाच्या फेराइट गाभ्यांच्या स्मृतीत प्रत्येकी ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत. त्यांतील प्रत्येक शब्द प्रक्रियकापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर होता, असे म्हणता येईल. आज्ञावली लिहिणाऱ्यास एखादी राशी कोठे ठेवली आहे, एवढेच माहीत असणे पुरेसे होई. ती किती दूर आहे, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता.

एकाच कामावर अनेक प्रक्रियक योजावयाचे ठरविले की, हा प्रश्न अपरिहार्य होतो. सर्व प्रक्रियक एकाच स्मृतीस जोडले, तर आज्ञावली सोपी राहते. पण एका वेळी अनेकांची मागणी आल्याने वाटेत खोळंबा होतो. प्रत्येक प्रक्रियकास स्वतंत्र स्मृती दिली, तर खोळंबा टळतो. पण एकाला दुसऱ्याजवळील राशी हवी असल्यास ती संदेश पाठवून मागवावी लागते व प्रत्येक संदेशाची तरतूद आज्ञावलीत आगाऊ करावी लागते. पहिल्या रचनेस सामायिक स्मृतीची आणि दुसरीस संदेशवहनाची रचना म्हणतात. पहिलीचा सोपेपणा आणि दुसरीची वाढक्षमता एकत्र साधण्याचा प्रयत्न म्हणजे विभाजित सामायिक स्मृती होय.

आरंभीचे प्रयत्न : अमेरिकेतील कार्नेगी-मेलन विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात लागोपाठ बांधलेल्या दोन संगणकांत या विचाराचा उगम स्पष्ट दिसतो. सी. एमएमपी या पहिल्या संगणकात १६ प्रक्रियक आणि १६ स्मृति-विभाग एका छेदन-जालाने जोडलेले होते. प्रत्येक प्रक्रियकापासून प्रत्येक विभागाकडे स्वतंत्र वाट हवी असल्याने या जालात १६ × १६ म्हणजे २५६ छेदनबिंदू लागत. प्रक्रियकांची संख्या दुप्पट केल्यास छेदनबिंदू चौपट होतात. त्यामुळे ही रचना फार मोठी करता येत नाही.

सीएम-स्टार या दुसऱ्या संगणकात ५० प्रक्रियक पाच गटांत विभागले होते व प्रत्येक प्रक्रियकाजवळ स्मृतीचा एक भाग होता. दुसऱ्याजवळील शब्दाची मागणी विशेष नियंत्रक परस्पर योग्य जागी पोहोचवीत. स्वतःजवळील शब्द मिळविण्यास जो वेळ लागे, त्याच्या सुमारे तिप्पट वेळ त्याच गटातील दुसऱ्या प्रक्रियकाजवळील शब्दास आणि सुमारे सातपट वेळ परगटातील शब्दास लागे. स्मृती एक, पण तिच्याकडे पोहोचण्याचा काळ असमान, या तत्त्वाचा हा ठळक नमुना होता. अशा रचनेला पुढे ‘नूमा’ हे आद्याक्षरी नाव रूढ झाले.

प्रतींची सुसंगती : प्रक्रियकांचा वेग स्मृतीच्या वेगापेक्षा झपाट्याने वाढू लागल्यावर प्रत्येक प्रक्रियकाजवळ कॅश ही लहान व जलद स्मृती ठेवणे आवश्यक झाले. नुकत्याच वापरलेल्या शब्दांच्या प्रती कॅशमध्ये राहतात. प्रक्रियक एकच असला, तर त्यात फारशी अडचण नसते. परंतु एकाच शब्दाच्या प्रती अनेक कॅशमध्ये असताना एका प्रक्रियकाने आपल्या प्रतीत बदल केल्यास इतरांजवळील प्रती खोट्या ठरतात. जुनी किंमत वाचून केलेले गणित चुकते. शिवाय ती चूक प्रत्येक वेळी होईलच असे नसल्याने शोधून काढणे अवघड जाते. कॅशमधील प्रतींचा मेळ राखण्याच्या या प्रश्नाला सुसंगतीचा प्रश्न म्हणतात.

लहान संगणकांत त्यावरील उपाय सोपा आहे. सर्व प्रक्रियक बस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकाच सामायिक वाहिनीवर असतात व प्रत्येक कॅश या वाहिनीवरील व्यवहारांवर पाळत ठेवते. दुसऱ्याने एखादा शब्द बदलत असल्याचे जाहीर करताच ती आपल्याजवळील प्रत रद्द करते. जेम्स गुडमन यांनी १९८३ मध्ये व इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेल्या नियमावल्या याच तत्त्वावर आधारलेल्या होत्या. तथापि वाहिनीवर एका वेळी एकच व्यवहार होऊ शकत असल्याने काही डझन प्रक्रियकांपलीकडे ही पद्धत उपयोगी पडत नाही. तिच्या पुढे जाण्यासाठी निरनिराळ्या संशोधकांनी यंत्रसामग्रीचे जे मार्ग शोधले, त्यांचे पाच प्रमुख प्रकार करता येतात.

हे प्रकार स्पष्ट होण्यासाठी जमिनीच्या नोंदीचा दृष्टांत उपयोगी पडतो. वसई तालुक्यातील फुलपाडा येथील एखाद्या जमिनीची मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरात आहे आणि तिचे उतारे अनेकांनी नेले आहेत, अशी कल्पना करावी. फेरफार झाल्यावर जुने उतारे कोणी खरे मानू नयेत, याची व्यवस्था निरनिराळ्या रीतींनी लावता येते.

(१) सुसंगतीविना सामायिक पत्ते : या प्रकारात दूरच्या शब्दाची प्रत कॅशमध्ये ठेवतच नाहीत, किंवा ठेवल्यास ती ताजी आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी आज्ञावलीकारावर टाकतात. दृष्टांतात सांगावयाचे, तर उतारा कोणासही मिळत नाही. नोंद पाहण्यासाठी प्रत्येक वेळी दप्तरात यावे लागते. १९८० नंतरच्या दशकातील बीबीएन बटरफ्लाय हा संगणक आणि १९९३ मधील क्रे टी३डी हा संगणक या वर्गात मोडतात. यंत्रसामग्री साधी व स्वस्त राहते आणि प्रक्रियकांची संख्या शेकड्यांनी वाढविता येते. मात्र दूरची राशी वारंवार वापरावयाची असल्यास प्रत्येक खेपेस विलंब सोसावा लागतो.

(२) निर्देशिका : या प्रकारात स्मृतीच्या प्रत्येक खंडाचे एक निश्चित मूळ स्थान असते व त्या खंडाच्या प्रती कोणकोणत्या प्रक्रियकांनी नेल्या, याची यादी तेथे ठेवतात. उतारे नेणाऱ्यांची नावे दप्तरात लिहून ठेवावीत आणि फेरफार होताच फक्त त्यांनाच कळवावे, तसे हे आहे. सर्वांना दवंडी देण्याची गरज राहत नाही. या कल्पनेची मांडणी १९७६ मध्ये सी. के. टँग यांनी व १९७८ मध्ये फ्रान्समधील सॅन्सिए व फोट्रिए यांनी केली होती. परंतु विखुरलेल्या स्मृतीवर तिचा पूर्ण प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॅश या संगणकात झाला. जॉन हेनेसी, अनुप गुप्ता, डॅनियल लेनोस्की व त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या सुमारास रचलेल्या या संगणकात १६ गट आणि प्रत्येक गटात चार अशा एकूण ६४ प्रक्रियकांची योजना होती. गटांतर्गत मेळ वाहिनीवरील पाळतीने व गटागटांतील मेळ निर्देशिकेने राखला जाई. आपल्या गटाच्या स्मृतीतील शब्दास सुमारे ३०, परगटातील शब्दास सुमारे १०० आणि तिसऱ्याच गटाने बदलून स्वतःजवळ ठेवलेल्या शब्दास सुमारे १३० घड्याळ-स्पंद लागत.

निर्देशिकेचा मुख्य दोष म्हणजे तिने व्यापलेली जागा. डॅशमध्ये स्मृतीचा प्रत्येक खंड १६ बाइट म्हणजे १२८ अंकांचा होता. प्रत्येक गटासाठी एक याप्रमाणे १६ आणि खंड बदलला आहे की नाही हे दर्शविणारा एक, असे १७ अंक त्याच्या नोंदीस लागत; म्हणजे स्मृतीवर सुमारे १३ टक्के बोजा पडे. हाच हिशोब १,०२४ गटांस लावल्यास १२८ अंकांच्या खंडामागे १,०२५ अंकांची नोंद ठेवावी लागेल व दप्तर मालमत्तेहून आठपट मोठे होईल. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील अनंत अगरवाल व त्यांचे सहकारी यांनी अ‍ॅलवाइफ या संगणकात यावर व्यवहार्य तोड काढली. बहुतेक खंडांच्या प्रती एका वेळी थोड्याच प्रक्रियकांजवळ असतात, या अनुभवाच्या आधारे त्यांनी यंत्रसामग्रीत मोजक्याच नावांची जागा ठेवली आणि नावे त्याहून अधिक झाल्यास पुढील नोंद सॉफ्टवेअरवर सोपविली. स्टॅनफर्ड येथेच पुढे रचलेल्या फ्लॅश या संगणकात मेळ राखण्याचे नियम मंडलांत कायमचे न कोरता आज्ञांकित नियंत्रकात ठेवण्यात आले. त्यामुळे नियम बदलता येऊ लागले, पण प्रत्येक व्यवहाराला थोडा अधिक वेळ लागू लागला.

(३) साखळी-निर्देशिका : अमेरिकेतील विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या संस्थेने १९९२ मध्ये मान्य केलेल्या एससीआय या मानकात प्रती नेणाऱ्यांची संपूर्ण यादी मूळ स्थानी ठेवलेली नसते. तेथे फक्त पहिल्याचे नाव असते. प्रत्येक प्रतधारकास आपल्या पुढील व मागील प्रतधारकांची नावे माहीत असतात. त्यामुळे प्रक्रियकांची संख्या वाढली, तरी प्रत्येक खंडामागील नोंदीत नगण्य वाढ होते. उलट, बदलाची वार्ता साखळीतून एकामागून एक सर्वांपर्यंत पोहोचवावी लागत असल्याने प्रतधारक पुष्कळ असतील, तेव्हा विलंब वाढतो. कॉन्व्हेक्स कंपनीचा एक्झेम्प्लर (१९९४) आणि सीक्वेंट कंपनीचा नूमा-क्यू (१९९६) हे संगणक या मानकावर आधारलेले होते.

(४) कॅशरूप स्मृती : या प्रकारात खंडाला निश्चित मूळ स्थानच नसते. प्रत्येक प्रक्रियकाजवळील सर्व स्मृती कॅशप्रमाणे वागते आणि खंड वापरकर्त्याकडे स्थलांतर करतो. दप्तर एका गावी न राहता ज्याला नोंद हवी, त्याच्या घरी ती जाऊन राहते, असे याचे स्वरूप आहे. स्वीडिश संगणकविज्ञान संस्थेतील एरिक हागर्स्टेन व सहकारी यांचे डेटा डिफ्यूजन मशीन आणि केंडाल स्क्वेअर रिसर्च या अमेरिकन कंपनीचा १९९१ नंतर बाजारात आलेला केएसआर-१ ही याची प्रमुख उदाहरणे होत. केएसआर-१ मध्ये प्रत्येक प्रक्रियकाजवळ ३२ मेगाबाइट स्मृती असून ३२ प्रक्रियकांचे एक वलय होई व अशा वलयांना वरच्या पातळीवरील वलयाने जोडीत. राशी कोठे ठेवावी, याचा विचार आज्ञावलीकाराला करावा लागत नाही, हा या रचनेचा मोठा गुण आहे. परंतु खंड सध्या कोठे आहे याचा शोध घेणे आणि एखाद्या खंडाची शेवटची प्रत नजरचुकीने पुसली जाऊ न देणे यांसाठी यंत्रसामग्री गुंतागुंतीची होते. १९९४ मध्ये ही कंपनी संगणकनिर्मितीतून बाहेर पडली व तिच्याबरोबर या रचनेचा व्यापारी प्रसारही थांबला.

(५) प्रतिबिंबित स्मृती : या प्रकारात निवडक भागाची प्रत प्रत्येक ठिकाणी ठेवतात व कोणीही केलेला बदल यंत्रसामग्री ताबडतोब सर्वांकडे पोहोचवते. वाचन नेहमी जवळच्या प्रतीवरून होत असल्याने जलद असते. लेखन मात्र महाग पडते. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे १९९६ मधील मेमरी चॅनेल हे याचे उदाहरण होय. थोडी माहिती, पुष्कळ वाचन आणि क्वचित बदल असे स्वरूप असलेल्या कामांस हा प्रकार योग्य ठरतो.

लेखनक्रम : वरील कोणताही प्रकार स्वीकारला, तरी एक प्रश्न उरतो. एका प्रक्रियकाने क्रमाने केलेले दोन बदल दुसऱ्याला त्याच क्रमाने दिसलेच पाहिजेत काय? तसा आग्रह धरल्यास प्रत्येक बदल सर्वत्र पोहोचेपर्यंत थांबावे लागते आणि यंत्राचा बराच वेळ वाया जातो. डॅशच्या संशोधकांनी १९९० मध्ये असा तोडगा सुचविला की, सामायिक राशी वापरण्यापूर्वी आज्ञावलीने कुलूप घ्यावे, काम झाल्यावर ते सोडावे आणि कुलूप सोडण्याच्या क्षणापर्यंत आधीचे सर्व बदल पोहोचलेले असले म्हणजे पुरे. यामुळे वेग वाढला. पण आज्ञावलीकारावर शिस्तीचे बंधन आले. यंत्रसामग्रीने सर्व भार उचलावा, या प्रतिज्ञेला पडलेली ही पहिली महत्त्वाची मुरड होय.

कर्मरकर यांची रचना : राशींच्या वाटेतील खोळंब्यावर सर्वस्वी निराळा उपाय नरेंद्र कर्मरकर यांनी सुचविला. ग्वाल्हेर येथे जन्मलेले व मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत शिकलेले कर्मरकर १९८४ मध्ये रेषीय प्रायोजनाच्या नव्या रीतीमुळे जगप्रसिद्ध झाले. बेल प्रयोगशाळांत असताना १९९१ मध्ये त्यांनी सांत प्रक्षेपीय भूमितीवर आधारलेली समांतर संगणकाची रचना मांडली. तिच्यातील स्मृति-विभाग व प्रक्रियक ही अनुक्रमे भूमितीतील बिंदू व रेषा यांसारख्या घटकांची प्रतिरूपे असतात आणि बिंदू ज्या रेषेवर आहे, त्या रेषेच्या प्रक्रियकास तो स्मृति-विभाग जोडलेला असतो.

या प्रकारच्या सर्वांत लहान भूमितीत सात बिंदू व सात रेषा असतात. प्रत्येक रेषेवर तीन बिंदू असतात, प्रत्येक बिंदूतून तीन रेषा जातात आणि कोणतेही दोन बिंदू नेमक्या एकाच रेषेवर असतात. म्हणून कोणत्याही दोन स्मृति-विभागांतील राशींवर क्रिया करावयाची असल्यास ती कोणत्या प्रक्रियकाने करावी, हे भूमितीच ठरविते. सात प्रक्रियक व सात स्मृति-विभाग यांस पूर्ण छेदन-जालात ४९ जोडण्या लागतील, तेथे या रचनेत २१ पुरतात. शिवाय सर्व प्रक्रियक एकाच वेळी कार्यरत असूनही कोणत्याही विभागावर गर्दी होणार नाही, असे क्रम आगाऊ आखता येतात. बहुसंख्य घटक शून्य असलेल्या सारण्यांच्या गणितांसाठी ही रचना कल्पिलेली होती. अशा गणितांत राशींचा ठावठिकाणा अनियमित असतो आणि नेमकी तेथेच कॅशची उपयुक्तता कमी होते. सुसंगतीचा प्रश्न सोडविण्याऐवजी वाटांची आखणी अशी करावी की गर्दी उद्भवूच नये, हा यातील मूलभूत विचार होय.

महाराष्ट्रातील समांतर संगणक : १९८० नंतरच्या दशकात भारताने बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेसाठी क्रे एक्स-एमपी/२४ हा महासंगणक अमेरिकेकडे मागितला होता. या नावातील पहिला अंक प्रक्रियकांची व दुसरा दशलक्ष शब्दांत स्मृतीची संख्या दर्शवितो. म्हणजे ४० लक्ष शब्दांची एक स्मृती वापरणाऱ्या दोन प्रक्रियकांचा तो सामायिक-स्मृती संगणक होता. लष्करी उपयोगाच्या शंकेने अमेरिकेने तो नाकारला आणि हवामानाच्या पूर्वानुमानापुरता एकाच प्रक्रियकाचा क्रे एक्स-एमपी/१४ देऊ केला. तो १९८९ मध्ये दिल्ली येथे बसविण्यात आला. नकाराचा विषय झालेली वस्तू ही सामायिक स्मृती आणि दुसरा प्रक्रियक होती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक ही संस्था स्थापन करण्यात आली. विजय भटकर हे तिचे पहिले संचालक होत. दर सेकंदास एक अब्ज चल-बिंदू क्रिया करू शकणारा समांतर संगणक तीन वर्षांत सिद्ध करण्याचे उद्दिष्ट तिच्यापुढे ठेवले होते. १९९१ मध्ये प्रकाशात आलेल्या परम ८००० या संगणकात इंग्लंडमधील इनमॉस कंपनीचे टी८०० ट्रान्सप्यूटर हे प्रक्रियक वापरले होते. त्याच्या ६४ प्रक्रियकांपैकी प्रत्येकास स्वतःची स्मृती होती. ट्रान्सप्यूटरच्या एकाच चकतीवर प्रक्रियकाखेरीज बाहेरील जगाशी संदेशांची देवघेव करणारे चार दुवे असतात. असे अनेक ट्रान्सप्यूटर एकमेकांस जोडले की, समांतर संगणकाचा सांगाडा तयार होतो. १९९१ मध्येच या मालिकेतील एक संगणक मॉस्को येथे बसविण्यात आला. मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्याच वर्षी इंटेल आय८६० प्रक्रियकांवर आधारलेला अनुपम हा समांतर संगणक तयार झाला. तत्पूर्वी १९८६ मध्ये बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकीय प्रयोगशाळेत फ्लोसॉल्व्हर हा संगणक कार्यान्वित झाला होता.

संदेशवहनाच्या मार्गाची ही निवड परिस्थितीशी सुसंगत होती. डॅश किंवा केएसआर-१ यांसारख्या यंत्रांचा प्राण त्यांच्या खास घडविलेल्या नियंत्रक मंडलांत होता. ती मंडले घडविण्यास दीर्घकाळ व प्रगत निर्मितिव्यवस्था लागे. ट्रान्सप्यूटर मात्र बाजारात विकत मिळत होता. संदेशवहनाच्या रचनेत नवा प्रक्रियक उपलब्ध होताच जुना बदलणेही तुलनेने सोपे होते. परम ८६०० मध्ये आय८६० आणि १९९४ मधील परम ९००० मध्ये सुपरस्पार्क प्रक्रियक याच रीतीने आले.

या निवडीची किंमत आज्ञावलीकारांना मोजावी लागली. एकाच स्मृतीची कल्पना करून लिहिलेल्या फोर्ट्रान भाषेतील जुन्या आज्ञावल्या जशाच्या तशा चालणे शक्य नव्हते. प्रत्येकीचे तुकडे करून कोणती राशी कोणत्या प्रक्रियकाकडे राहील आणि कोणता संदेश केव्हा पाठविला जाईल, हे हाताने लिहावे लागे. हे श्रम कमी व्हावेत म्हणून सी-डॅकने परस नावाची आज्ञावली-विकासाची साधने तयार केली. तिच्या कार्याचा हा भाग यंत्राइतकाच महत्त्वाचा होता. कारण वापरणाऱ्याअभावी समांतर संगणक निरुपयोगी ठरतो.

दोन्ही मार्गांची तुलना : हवामानाच्या गणिताचे उदाहरण घेऊन दोन्ही मार्गांचे गुणदोष पाहता येतात. ५१२ × ५१२ बिंदूंचे जाळे ६४ प्रक्रियकांत सारखे वाटल्यास प्रत्येकाच्या वाट्यास ६४ × ६४ म्हणजे ४,०९६ बिंदूंचा चौकोन येतो. शेजाऱ्यांकडून त्याला केवळ चार कडांलगतच्या २५६ बिंदूंच्या किंमती हव्या असतात. म्हणजे १६ बिंदूंच्या गणितामागे एकच राशी बाहेरून येते. या राशी आगाऊ ठाऊक असल्याने चार संदेशांत त्या एकत्र पाठविता येतात. सुसंगत सामायिक स्मृतीत त्याच राशी मागणीनुसार लहान खंडांनी येतात व प्रत्येक खंडामागे विलंब होतो. अशा नियमित प्रश्नांत संदेशवहन सरस ठरते.

उलट, कोणती राशी लागेल हे गणित चालू असतानाच ठरत असल्यास संदेशांची आगाऊ आखणी करता येत नाही. शाखायुक्त रचनांचा शोध, मोठ्या माहितीसाठ्यांवरील व्यवहार, अनियमित सारण्या ही अशा प्रश्नांची उदाहरणे होत. तेथे पत्ता देताच शब्द हजर करणारी यंत्रसामग्री मोलाची ठरते. मात्र तिच्यातही एक धोका संभवतो. दोन प्रक्रियकांच्या निरनिराळ्या राशी योगायोगाने एकाच खंडात पडल्या, तर एकाने केलेल्या प्रत्येक बदलामुळे दुसऱ्याची प्रत विनाकारण रद्द होते आणि खंड सतत इकडून तिकडे फिरत राहतो. आज्ञावली बिनचूक असूनही मंद चालते व तिच्या लिखाणात त्याचे कारण दिसत नाही. संदेशवहनात खर्च उघड असतो. सामायिक स्मृतीत तो झाकलेला असतो.

मार्गांचा संगम : १९९६ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचा ओरिजिन २००० हा संगणक बाजारात आला. डॅशमधील निर्देशिकेचे तत्त्व त्यात १२८ प्रक्रियकांपर्यंत यशस्वी रीतीने वापरलेले होते. त्यानंतर निर्देशिका व असमान अंतराची स्मृती ही तत्त्वे मोठ्या यंत्रांतून सामान्य संगणकांत उतरली. २००३ मधील एएमडी ऑप्टेरॉन व २००८ नंतरचे इंटेलचे प्रक्रियक यांत प्रत्येक प्रक्रियकास स्वतःची स्मृती थेट जोडलेली असून शेजारील प्रक्रियकाची स्मृती दुव्यावरून सुसंगतपणे वापरता येते.

दुसऱ्या बाजूने परम मालिकेतील यंत्रेही सामायिक स्मृतीकडे सरकली. १९९८ मधील परम १०००० हा संगणक सामायिक स्मृती असलेल्या लहान संगणकांचा समूह होता. २००२ मध्ये सिद्ध झालेल्या परम पद्म या संगणकातील २४८ प्रक्रियक चार-चार प्रक्रियकांचे ५४ आणि ३२ प्रक्रियकांचा एक अशा नोडांत विभागलेले होते. प्रत्येक नोडच्या आत स्मृती सामायिक होती. नोडांमधील व्यवहार सी-डॅकनेच विकसित केलेल्या परमनेट-२ या जालावरून संदेशांनी होत. २००८ मधील परम युवा या संगणकात १६ गाभ्यांचे २८८ नोड म्हणजे एकूण ४,६०८ गाभे होते. पुणे येथील टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या कंपनीचा एका हा संगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगातील ५०० वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आला. या कंपनीच्या आरंभीच्या काळात कर्मरकर यांचा तिच्याशी संबंध होता. मात्र एका हा संगणक प्रक्षेपीय भूमितीच्या रचनेचा नसून प्रचलित समूह-रचनेचा होता.

२०१८ मध्ये पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत प्रत्यूष हा सुमारे चार पेटाफ्लॉप क्षमतेचा, क्रे कंपनीच्याच एक्ससी४० मालिकेतील संगणक बसविण्यात आला. त्याच्या जालावरून एका नोडला दुसऱ्या नोडच्या स्मृतीत थेट वाचन-लेखन करता येते, पण प्रतींची सुसंगती राखली जात नाही. म्हणजे क्रे टी३डीचेच तत्त्व येथे पुन्हा दिसते. २०२४ मध्ये त्याच संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा अर्क हा संगणक कार्यान्वित झाला.

मूल्यमापन : या अर्धशतकाच्या इतिहासात दोन मार्गांपैकी कोणताही एक सर्वत्र विजयी झाला नाही, त्यांच्यात क्षेत्राची वाटणी झाली. थोड्या अंतरात, एका नोडच्या मर्यादेत, यंत्रसामग्रीने सुसंगती राखावी आणि त्यापलीकडे आज्ञावलीने संदेश पाठवावेत, असा व्यवहार रूढ झाला. कारण सुसंगतीचा खर्च प्रतधारकांची संख्या व अंतर यांबरोबर वाढत जातो आणि एका मर्यादेनंतर तो वाचविलेल्या श्रमांहून अधिक होतो. १९८८ मध्ये पुण्यात झालेली निवड मोठ्या अंतराच्या बाबतीत योग्य ठरली. ज्या सामायिक स्मृतीशिवाय तेव्हा काम भागवावे लागले, ती पुढे विकत घेतलेल्या प्रक्रियकांबरोबर आपोआप आली. मात्र ती आली, तेव्हा तिचे नियंत्रक व नियम दुसऱ्यांनी घडविलेले होते. संदेशवहनाच्या जालात महाराष्ट्रातील अभियंत्यांनी स्वतःचे कौशल्य कमावले; प्रतींचा मेळ राखणाऱ्या चकत्यांच्या रचनेत तशी परंपरा त्या काळात निर्माण झाली नाही. त्या निवडीचा लाभ आणि तिची उणीव अशा प्रकारे एकाच निर्णयातून उद्भवलेली आहेत.